किटलीच्या गोष्टीपलीकडचा वॉट

किटलीचे हलणारे झाकण पाहून जेम्स वॉटला वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचली, ही गोष्ट शाळेपासून आपल्या परिचयाची आहे. प्रत्यक्षात वॉटच्या जन्माआधी २४ वर्षे, १७१२ मध्ये, थॉमस न्यूकोमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने इंग्लंडमधील डडलीजवळ कोळशाच्या खाणीतील पाणी उपसणारे इंजिन उभारले होते. सिलिंडरमधील वाफेवर थंड पाणी फवारले की तिचे पाणी होऊन पोकळी निर्माण होई आणि बाहेरील हवेचा दाब दट्ट्याला खाली रेटत असे. मात्र दर खेपेस थंड झालेला सिलिंडर पुन्हा तापविण्यातच बरीचशी वाफ वाया जाई. कोळशाच्या खाणीवर हा खर्च खपून जाई. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींना कोळसा बाहेरून आणावा लागत असल्याने तो जड जाई.

ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या वॉटकडे याच इंजिनाची प्रतिकृती दुरुस्तीला आली. १७६५ मध्ये त्याला उपाय सुचला. वाफ थंड करायची ती वेगळ्या पात्रात. सिलिंडर कायम गरमच ठेवायचा! १७६९ मध्ये पेटंट मिळाले, पण अचूक गोल सिलिंडर कोणाला करता येईना. ही अडचण तोफांच्या नळ्या कोरणाऱ्या जॉन विल्किन्सनच्या यंत्राने दूर केली. वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन खाणमालकांकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एकतृतीयांश हिस्सा घेत.

संसदेने पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढविली. या काळात वॉटने प्रतिस्पर्ध्यांना न्यायालयात खेचले आणि उच्च दाबाची वाफ धोकादायक ठरवून नाकारली. मुदत संपल्यावर चारच वर्षांनी, १८०४ मध्ये, रिचर्ड ट्रेव्हिथिकचे उच्च दाबाचे इंजिन वेल्समध्ये दहा टन लोखंड ओढत रुळांवरून धावले.