नबाब : एका पदवीची झालेली शिवी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले मराठी कागद वाचू लागले म्हणजे 'नबाब' हा शब्द वारंवार भेटतो. पत्रात नुसतेच 'नबाब' असे आले, तर तो बहुतेक वेळा हैदराबादचा निजामअलीखान असतो. पण अर्काटचा महंमदअलीही नबाब आणि सावनूरचा पठाणही नबाबच. त्यांच्याशी तह होत, तह मोडत, चौथाईच्या बाकीसाठी वकिलांच्या खेपा होत, आणि १७६३ साली राक्षसभुवनाला तर निजामअलीच्या फौजेचा गोदाकाठी पुरता मोड झाला. तथापि वैर विकोपाला गेले म्हणून शत्रूची पदवी चिखलात ओढावी, असे आपल्या चिटणिसांना सहसा वाटले नाही. नेमक्या ह्याच वर्षांत, सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडच्या लंडन शहरात हाच शब्द, इंग्रजी जिभेवर थोडा झिजून 'नॅबॉब' झालेला, शिवी म्हणून वापरात येत होता. आणि ती शिवी खाणारा मनुष्य मुसलमान नव्हता, हिंदी नव्हता, तर हिंदुस्थानातून गबर होऊन मायदेशी परतलेला अस्सल इंग्रज होता.

शब्दाची कुळकथा मोठी साधी आहे. अरबीत 'नायब' म्हणजे प्रतिनिधी, दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा. त्याचे बहुवचन 'नुव्वाब', आणि एकाच व्यक्तीला बहुवचनाने संबोधून मान देण्याची जी रीत आपल्या मराठीतही आहे, तिला अनुसरून बादशहाच्या सुभेदाराला 'नव्वाब' म्हणू लागले. म्हणजे मुळात हा शब्द ऐश्वर्याचा नव्हे, जबाबदारीचा: ज्याच्या शिक्क्यामागे दुसऱ्या कोणाचा तरी शिक्का आहे, अशा अधिकाऱ्याचा. पोर्तुगिजांनी त्याचे 'नाबाबो' केले आणि पुढे इंग्रजांच्या तोंडी तो 'नॅबॉब' झाला. दीडशे वर्षे तोही सुभेदारालाच लावला जात होता. मग प्लासी झाली.

२३ जून १७५७ च्या त्या लढाईने काय बदलले, हे समजायला एका माणसाच्या मिळकतीकडे पाहिले तरी पुरे. श्रॉपशायरमधल्या एका बेताच्या जमीनदार घरातला रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ मध्ये मद्रासेत उतरला तो कंपनीचा 'रायटर' म्हणून. रायटर म्हणजे कारकून. बंगालमध्ये ह्या कारकुनाचा वार्षिक मुशाहिरा ५ पौंड इतका ठरलेला असे, आणि तेवढ्यात तो जगावा अशी कंपनीचीही अपेक्षा नसे. खासगी व्यापारावर त्याने आपला निर्वाह करावा, हे गृहीतच होते. प्लासीनंतर बंगालचा नबाब झालेल्या मीर जाफरच्या मसनदीचे मोल म्हणून क्लाइव्हला एकट्याला २,३४,००० पौंड मिळाले, आणि त्यावर वर्षाला सुमारे २७,००० पौंडांची जहागीर. ही जहागीर म्हणजे चोवीस परगण्यांबद्दल कंपनी नबाबाला जो सारा भरत असे तोच. तेव्हा ज्या कंपनीचा क्लाइव्ह नोकर, तीच कंपनी ह्यापुढे त्याला वर्षासनासारखी रक्कम मोजू लागली. बाकीच्यांनीही हात आखडले नाहीत. मीर जाफर गेला, मीर कासीम आला, तो गेला, पुन्हा मीर जाफर, मग त्याचा मुलगा. दर गादीपालटाला नजराणे, आणि मधल्या काळात कंपनीच्या दस्तकाखाली मीठ, सुपारी, तंबाखू ह्यांचा जकात चुकवून केलेला व्यापार. १७७३ साली पार्लमेंटच्या समितीने हिशेब काढला तेव्हा प्लासीपासूनच्या आठ-नऊ वर्षांत नुसत्या नजराण्यांचाच आकडा २० लाख पौंडांच्या वर गेला.

ऑगस्ट १७६५ मध्ये शहाआलम बादशहाने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी वार्षिक २६ लाख रुपयांवर कंपनीला लिहून दिली. त्या समारंभाचे मोठे चित्र बेंजामिन वेस्टने पुढे रंगवले. त्यात छत्र आहे, हत्ती आहेत, घुमट आहेत. प्रत्यक्षात तो प्रसंग क्लाइव्हच्या तंबूत झाला, आणि त्याच्या जेवणाच्या मेजावर एक खुर्ची चढवून, वर कापड अंथरून बादशहाचे तख्त तयार करण्यात आले असे सांगतात. ज्या मेजावर रोजची ताटे मांडली जात, त्याच मेजावर हिंदुस्थानचे सार्वभौमत्व पाच-दहा मिनिटे बसले आणि उतरले. ह्यानंतर चार-पाच वर्षांत बंगालमध्ये जो दुष्काळ पडला त्यात प्रांताची एक तृतीयांश वस्ती नाहीशी झाली, असा अंदाज खुद्द कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज ह्याने कळवला.

ही वार्ता विलायतेत पोहोचत होती, आणि तिच्याबरोबर माणसेही पोहोचत होती. चाळिशीच्या आतबाहेरचे, उन्हाने रापलेले, हिऱ्यांच्या थैल्या आणि हुंड्या घेऊन आलेले हे लोक सरदारांची कर्जबाजारी इस्टेट विकत घेत, जुना वाडा पाडून नवा बांधत, आणि मतदारांची संख्या बोटांवर मोजता येईल अशा ठिकाणची पार्लमेंटची जागा रोकड मोजून मिळवत. जागांचे बाजारभाव त्यांनीच चढवले अशी जुन्या घराण्यांची तक्रार होती. क्लाइव्हने सरे परगण्यात क्लेअरमाँटचा वाडा उभारला, तेव्हा आसपासचे शेतकरी त्याकडे भीतीने पाहत आणि सैतानाला आत शिरता येऊ नये म्हणून ह्या दुष्ट लॉर्डाने भिंती एवढ्या जाड बांधविल्या आहेत असे कुजबुजत, ही हकीकत मेकॉलेने नोंदवून ठेवली आहे. अशा लोकांना काय म्हणावे? 'लुटारू' म्हणावे तर ते पार्लमेंटचे सभासद. 'व्यापारी' म्हणावे तर त्यांची दौलत नुसत्या व्यापाराची नव्हे. तेव्हा इंग्रजी भाषेने बंगालच्या नबाबाच्या मुर्शिदाबादच्या दरबाराकडे हात लांबवला आणि तिथली पदवी उचलली.

२९ जून १७७२ रोजी हेमार्केटच्या नाट्यगृहात सॅम्युअल फूट ह्या विनोदी नटाचे 'द नॅबॉब' हे नाटक प्रथम रंगभूमीवर आले, आणि शब्दावर लोकमान्यतेची मोहर उठली. नाटकाचा नायक सर मॅथ्यू माइट. 'माइट' म्हणजे जुन्या चीजमध्ये पडणारा बारीक किडा. बंगालच्या ज्या दुसऱ्या एका सेनानीकडे प्रेक्षकांची बोटे वळली, तो चीज विकणाऱ्याचा मुलगा अशी बोलवा होती. हा माइट एका कुलीन पण ऋणको घराण्याची कर्जे विकत घेऊन त्या बळावर त्यांची मुलगी मागतो, आणि मतदारसंघ बाजारातल्या भाजीसारखा खरेदी करू पाहतो. नाटकामुळे चिडलेले दोघे हिंदुस्थानवाले काठ्या घेऊन फूटला चोपायला गेले, पण त्याने इतक्या अगत्याने स्वागत केले की ते जेवूनच परतले, अशी आख्यायिका आहे. मला ह्या नाटकात दोन वेगळे राग एकत्र झालेले दिसतात. एक राग लुटीवरचा, आणि तो खरा आहे. दुसरा राग चीज विकणाऱ्याचा मुलगा सरदाराच्या पंक्तीला बसला ह्यावरचा. आणि टाळ्या जास्त पडत त्या ह्या दुसऱ्या रागाला, असे मानायला पुष्कळ जागा आहे. लुटीची झळ लागलेला विणकर हेमार्केटच्या प्रेक्षागृहात नव्हता. जमीनदारी डळमळीत झालेला सभ्य गृहस्थ मात्र होता.

येथूनच तो प्रश्न उद्भवतो, जो त्या काळी स्वतः नॅबॉबांनी उपस्थित केला होता आणि आजही निरनिराळ्या शब्दांबद्दल विचारला जातो: मस्तवाल, सारे आपल्या हक्काचेच असे मानणाऱ्या लोकांसाठी समाजाने घडवलेला असा शब्द नुसती निंदा ठरतो, की एका सबंध वर्गाला जन्मावरून वा पेशावरून हीन ठरवणारा अन्याय्य अपशब्द? नॅबॉबांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. बंगालमध्ये गेलेल्या रायटरांपैकी निम्म्याहून अधिक परत आलेच नाहीत. ताप, हगवण आणि यकृताच्या विकारांनी ते कलकत्त्याच्या दफनभूमीत विसावले. परतलेल्यांतही अफाट संपत्तीचे धनी थोडेच. त्या थोड्यांच्या पापाचा डाग सगळ्यांच्या नावाला का लागावा, हा त्यांचा सवाल होता.

तरीही मला हे गाऱ्हाणे मान्य करता येत नाही. ज्या शब्दाने माणसाची नोकरी जात नाही, घर जळत नाही, न्यायासनासमोर त्याची साक्ष हलकी ठरत नाही, तो शब्द बोचला तरी चिरडत नाही. १७७३ मध्ये कॉमन्स सभेत क्लाइव्हवर ठराव आला. त्याने पैसा घेतला हे सभेने मान्य केले आणि त्याच बैठकीत त्याने देशाची थोर व प्रशंसनीय सेवा केली असेही ठरवले. पुढच्या वर्षी बर्कली स्क्वेअरमधल्या घरी त्याचा अंत झाला. त्याचा मुलगा मद्रासचा गव्हर्नर झाला आणि १८०४ मध्ये पोविसचा अर्ल. एका पिढीत शिवी पुसली गेली, जमीन राहिली. इंग्रज नॅबॉबाच्या बाबतीत हा शब्द अन्याय्य नव्हता. झालाच तर सौम्य होता.

परंतु शिवी ज्याला उद्देशून दिली त्याच्यापाशीच विचार थांबवला, तर ह्या शब्दाचे अर्धेच अंग दिसते. जानेवारी १७७० मध्ये थोरला विल्यम पिट, म्हणजे लॉर्ड चॅटम, सरदारसभेत बोलायला उभा राहिला आणि त्याने सांगितले की आशियाची दौलत आपल्या देशावर ओतली गेली आहे, आणि तिच्याबरोबर आशियाई चैनच नव्हे, तर आशियाई राज्यपद्धतीची तत्त्वेही आली आहेत. वाक्य भारदस्त होते आणि पुष्कळांनी ते उचलून धरले. ह्या वक्त्याचे आजोबा टॉमस पिट मद्रासचे गव्हर्नर. त्यांनी गोवळकोंड्याच्या बाजूच्या खाणीतला एक हिरा ४८,००० होनांना घेतला आणि १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला १,३५,००० पौंडांना विकला. ओल्ड सेरमच्या ज्या ओसाड गावाची पार्लमेंटमधली जागा ह्या आजोबांनी खरेदी करून ठेवली होती, त्याच जागेवरून नातू १७३५ साली प्रथम निवडून आला. लाच देऊन मते घेण्याची विद्या इंग्लंडला मुर्शिदाबादहून शिकावी लागली नव्हती. तरीसुद्धा चॅटमच्या भाषणात पाप आशियाचे झाले. लोभ इंग्रजाचा, दस्तक इंग्रजाचे, संगीन इंग्रजाची, आणि त्या सर्वांना नाव मात्र ज्याचा खजिना रिता झाला त्याचे. लंडनच्या बाजारात 'नॅबॉब' म्हणून कोणाला हिणवले जाई, तेव्हा त्या हिणवण्यामागे एक सिद्धान्त गृहीत असे: की हा मनुष्य जात्याच बरा होता, तिकडच्या हवेने नासला. मी ह्याला अपशब्द म्हणतो तो ह्या कारणासाठी, आणि त्याचा अपमान मोजतो तो त्या सभागृहात ज्याचे कोणीच नव्हते त्याच्या बाजूने.

ही गोष्ट त्या काळात एकाच मोठ्या वक्त्याने पुरती ओळखली. १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये हेस्टिंग्जवरचा खटला सुरू झाला, आणि आशियात राजसत्ता अनियंत्रितच असते, तेव्हा तिथे तसे वागणे रीतीला धरून होते, हा बचाव पुढे आला. एडमंड बर्कने त्यावर जो हल्ला चढवला, त्यात त्याने भूगोलाप्रमाणे बदलणारी नीती ही कल्पनाच फेटाळून लावली. मुसलमानी धर्मशास्त्र आणि तैमूरच्या नावावर चालणारे राजनियम ह्यांचे दाखले देऊन त्याने दाखवले की पूर्वेकडचे राजेही कायद्याने बांधलेले होते, आणि जुलूम तिकडेही जुलूमच समजला जाई. खटला सात वर्षे चालला व १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. बर्कचे ते बोलणे मात्र माझ्या मते त्या शतकातल्या कोणत्याही निकालापेक्षा मोलाचे आहे.

आपल्याकडे परक्यांना नाव ठेवण्याची रीत निराळी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज हे सारे 'टोपीकर' आहेत, आणि ते इतर सावकारांसारखे नव्हेत, प्रत्येकाच्या मागे एकेक राजा आहे, असा सावधगिरीचा इशारा आहे. नाव त्यांच्याच डोक्यावरल्या वस्तूचे, दोषही त्यांचाच. पुढे राज्य गेले आणि आपणही उसनी पदवी शिवीसारखी वापरू लागलो. जेवून उठलेला मुलगा ताट तसेच ठेवून निघाला की माझी आजी ओटा सारवता सारवता म्हणे, "कोण लाटसाहेब लागून गेलास रे!" ह्यातला लाट म्हणजे 'लॉर्ड', सेनापतीला लोक 'जंगी लाट' म्हणत ते ह्याच शब्दावरून. पण सत्तेवर असलेल्याची पदवी घरातल्या उद्धट पोराला लावणे आणि लुबाडल्या गेलेल्याची पदवी लुबाडणाऱ्याला लावणे, ह्यांत मोठे अंतर आहे. लाटसाहेबाचे त्याने काही बिघडले नाही. आता 'नबाबी थाट' आणि 'नबाबजादा' हेही आपण त्याच सहजतेने बोलतो. मला मात्र ते शब्द तोंडातून निघताना हल्ली अडखळायला होते.

कारण १७७२ साल नुसते फूटच्या नाटकाचे साल नव्हे. लंडनमध्ये प्रेक्षक रंगमंचावरच्या नॅबॉबाला हसत होते, त्याच वर्षी मुर्शिदाबादेत खऱ्या नबाबाचा, अल्पवयीन मुबारकउद्दौल्याचा, वार्षिक तनखा कंपनीने जवळजवळ ३२ लाखांवरून १६ लाखांवर आणला. १७६५ मध्ये तो ५३ लाखांहून अधिक ठरला होता. त्याच गादीवरचा शेवटचा नबाब नाझिम मन्सूरअलीखान १८६९ मध्ये ह्या तनख्याचे आणि मानमरातबाचे गाऱ्हाणे घेऊन स्वतः विलायतेला गेला, आणि ज्या शहरात त्याची पदवी शंभर वर्षे टिंगलीला वापरली गेली होती, तिथे दहा वर्षांहून अधिक काळ अर्ज करीत राहिला. १८८० मध्ये, ठरावीक पेन्शनच्या बदल्यात, त्याने नाझिमपद सोडल्याच्या कागदावर सही केली. १८८२ मध्ये त्याच्या मुलाला जी सनद मिळाली, तिच्यात 'नाझिम' हा शब्द उरला नव्हता. 'नबाब' ठेवला होता.