फ्लायव्हीलवरची छिद्रे

पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा मिळून २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या इतिहासात गोटमार येईल, संत्रा येईल; पण विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचे आणि बगीच्यातल्या जुन्या जीपचे पान कोणी लिहील असे वाटत नाही. म्हणून हा प्रपंच.

दुसऱ्या महायुद्धात विलीज व फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनविल्या. १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. माझ्या मामांची सौंसरकडील जीप युद्धकाळातली. संत्र्याचा सगळा हंगाम तिच्या भरवशावर. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, नागपूर आणि आम्ही वेगळ्या राज्यांत पडलो. तरी सुट्या भागांसाठी आमची वाट नागपूरचीच राहिली.

१९८४ साली, मी शाळेत असताना, क्लचच्या कामासाठी एका गॅरेजात ती जीप उघडली. फ्लायव्हीलच्या कडेला खोल छिद्रे दिसली. ‘चाक खराब झाले’ म्हणून ते भंगारात गेले आणि दुसरे गुळगुळीत चाक बसले. गाडी सुरू होताच बोनेट थरथरू लागले. वेग घेतला की गिअरचा दांडा हातात ठरेना. संत्री तर तोडणीला आलेली!

शेवटी ऑइल इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी ते नवे चाक काढून सरळ शाफ्टवर चढविले, दोन समतल पट्ट्यांच्या धारेवर ठेवले व हलकेच ढकलले. थांबल्यावर खाली आलेल्या जागी खडूची रेघ मारली. तीन वेळा फिरविले, तिन्ही वेळा रेघ खालीच. “पाटील, हे चाक एका अंगानं भारी हाये.” भंगारातून जुने चाक आणले, ते दर खेपेला वेगळ्याच जागी थांबले. ती छिद्रे म्हणजे कारखान्यातच जादा वजन काढल्याची खूण होती.

मी एम.ए. इतिहासाचा, यंत्रशास्त्र शिकलो ते त्या ओसरीवर. एकांगी चाक प्रत्येक वेळी वाईटच असे नाही. एकाच सिलिंडरच्या कित्येक ऑइल इंजिनांत पिस्टनच्या धक्क्याला उत्तर म्हणून चाकातच जादा वजन ओतलेले असते. फोर्डच्या ३०२ घनइंची व्ही-८ इंजिनालाही मुद्दाम असमतोल फ्लायव्हील लागते. १९८१ पासून त्याचे माप २८ ऐवजी ५० औंस-इंच झाले, म्हणून जुने-नवे अदलाबदल चालत नाही. जीपचे चार पिस्टन मात्र, दोन वर तर दोन खाली, एकमेकांचा ओढा मारतात. तिला समतोल चाकच हवे.

पट्ट्यांवरची परीक्षा स्थिर समतोलापुरतीच. फिरतानाचा डोल यंत्रावरच कळतो. शिवाय दाते मोजावेत : युद्धकाळातील सहा व्होल्टच्या जीपला ९७. चाकावर टी.सी. व आय.जी.एन. ही प्रज्वलनाची अक्षरे पाहावीत. क्लचचे झाकण काढण्याआधी झाकणावर व चाकावर पंचाने जोडखूण करावी. समतोल दोघांचा मिळून साधलेला असतो. आमच्या गॅरेजवाल्याने तेवढेही केले नव्हते.

जुने चाक चढले, थरथर गेली, संत्री वेळेत पोचली. बसविताना त्यावरची खडूची रेघ मामांनी पुसू दिली नाही. आता बंद डब्यात ती कोणाला दिसणार, ते त्यांनाच ठाऊक!