समोरचे डोळे

श्रोतेहो, कामशेतहून बेडशाच्या लेण्यांत गेलात, तर चैत्यगृहाच्या ओसरीतले खांब जरा मान वर करून बघा. वर घोडे, बैल, हत्ती आणि त्यांच्यावर स्वार झालेली माणसं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळजवळ सभोवार दिसतं. स्वाराचे दोन्ही डोळे समोर. मागचं बघायला त्याला मान वळवावी लागते. मग हा तोट्याचा सौदा आपल्या पूर्वजांनी केला कशासाठी?

१८३८ साली इंग्लंडात चार्ल्स व्हीटस्टन यांनी दाखवून दिलं, की दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांत किंचित फरक असतो आणि त्या फरकावरून आपल्याला वस्तूची खोली कळते. पुढे १९१६ मध्ये फ्रेडरिक वुड जोन्स यांनी ग्रंथच लिहिला, की माणसाची घडण झाडावरच्या राहणीतून झाली. फांदीवरून फांदीवर झेपावणाऱ्याला अंतर अचूक कळलं पाहिजे, म्हणून डोळे पुढे आले, ही समजूत रुजली. पटतेही चटकन. मीही वर्गात वर्षानुवर्षे तेच सांगितलं.

पण आपल्या भीमाशंकरचा शेकरू बघा! डोळे बाजूला, आणि उड्या मात्र शेंड्याशेंड्यांवरून. १९७० नंतर अमेरिकेच्या मॅट कार्टमिल यांनी खारींचाच दाखला देऊन ती समजूत हलवली. समोर डोळे कोणाचे? मांजराचे, घुबडाचे; शिकाऱ्यांचे. तेव्हा आपले पूर्वज बारीक फांद्यांतून किडे टिपत असावेत, असं त्यांचं म्हणणं. १९९१ मध्ये रॉबर्ट ससमन यांनी त्यावरही हरकत घेतली आणि फुलाफळांकडे बोट दाखवलं. तो वाद अजून मिटलेला नाही.