विठ्ठल, मास्टर
(१९०६–१९६९). मूकपटांच्या काळातील साहसपटांचे लोकप्रिय मराठी नायक. अमेरिकन नट डग्लस फेअरबँक्स (१८८३–१९३९) यांच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) या मूकपटाने भारतीय प्रेक्षकांवर विलक्षण मोहिनी घातली होती. त्याच्या लोकप्रियतेची नोंद भारतीय चित्रपट चौकशी समितीनेही (१९२७-२८) घेतली. तलवारबाजी, उड्या व घोडदौड समजण्यास भाषेची गरज नसल्यामुळे निरक्षर प्रेक्षकही अशा चित्रपटांत रमत. ही अभिरुची हेरून मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने (स्था. १९२५) साहसपटांची निर्मिती आरंभिली. बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूर येथील महाराष्ट्र फिल्म कंपनीतून आलेले विठ्ठल तिच्या ‘रतन मंजरी’त (१९२६) नायक झाले. पुढे चाहत्यांनी त्यांना ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ म्हणून गौरविले.

या लोकप्रियतेमुळेच ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकपद त्यांना लाभले. शारदाने करारभंगाबद्दल त्यांच्यावर दावा लावला. मुहंमद अली जिना यांनी विठ्ठल यांची बाजू मांडली व दाव्याचा निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला. मात्र उर्दू उच्चार सफाईदार नसल्याने त्यांच्या वाट्याला संवाद थोडेच आले. पुढे ‘छत्रपती संभाजी’ (१९३४), ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३) इ. मराठी ऐतिहासिक बोलपटांतून त्यांनी भूमिका केल्या. तेथे त्यांना तलवारीच्या जोडीला मातृभाषाही लाभली.

त्यांचे बहुतेक मूकपट, तसेच ‘आलम आरा’ही आज उपलब्ध नाहीत. ज्या अंगचापल्यावर प्रेक्षक लुब्ध झाले, त्याची साक्ष आता मुख्यतः छायाचित्रे व समकालीन उल्लेख यांतूनच मिळते.