मेंदूतील रक्तप्रवाहाचे श्राव्यातीत परीक्षण

कवटी न उघडता श्राव्यातीत ध्वनितरंगांनी मेंदूच्या रोहिण्यांतील रक्ताचा वेग मोजण्याची पद्धत. तिच्या विकासात कवटीचे हाड हाच मुख्य अडथळा होता. ऑस्ट्रियातील कार्ल डुसिक यांनी १९४० च्या दशकात मेंदूतील पोकळ्यांची श्राव्यातीत चित्रे प्रसिद्ध केली. तथापि ती मुख्यत्वे हाडामुळे उमटल्याचे पुढे आढळून आले. १९८२ मध्ये रूने ओस्लिड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग कानशिलाजवळील पातळ हाडातून आत सोडले. वाहत्या रक्तकोशिकांवरून परावर्तित झालेल्या तरंगांची कंप्रता बदलते (डॉप्लर परिणाम). तीवरून वेग काढता येतो. या पद्धतीने रक्ताचे परिमाण मात्र कळत नाही. रोहिणी अरुंद झाल्यास तेथील वेग वाढतो, हाच निदानाचा आधार होय. सिकल सेल रक्तक्षय झालेल्या ज्या बालकांत हा वेग सेकंदाला २०० सेंमी. वा अधिक आढळला, त्यांना नियमित रक्त दिल्यास मस्तिष्काघाताचा धोका सु. ९२ टक्क्यांनी घटतो, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसून आले. काही व्यक्तींत हाड जाड असल्याने संकेत मिळत नाहीत. तसेच निष्कर्ष परीक्षकाच्या कौशल्यावर अवलंबून असतो. त्यामुळे या विषयाच्या वैद्यकीय संस्था प्रशिक्षणास विशेष महत्त्व देतात.