एका अक्षरानं इतिहास उलटा झाला

गेल्या 24 डिसेंबरला, साने गुरुजींच्या जयंतीला, इथं पारोळ्यातल्या एका शाळेसाठी मी इंग्रजीत छोटं भाषण लिहून दिलं. मोबाईलवर लिहिलं आणि न तपासता पाठवून दिलं. सातवीतल्या एका मुलीनं ते खणखणीत म्हटलं, टाळ्याही मिळाल्या. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली. "सर, इंग्रजांनीच गुरुजींचं पुस्तक अभ्यासाला लावलं होतं ना? मग त्यांना तुरुंगात का टाकलं?"

मी मोबाईल काढून पाहिला. मला लिहायचं होतं 'प्रोस्क्राइब्ड', म्हणजे सरकारनं बंदी घातलेलं. तिथं होतं 'प्रिस्क्राइब्ड', म्हणजे अभ्यासक्रमाला लावलेलं. 'पीआर'नंतर 'ओ' हवा होता, पडला 'ई'. मोबाईलनं परस्पर बदललं असेल किंवा माझं बोट चुकलं असेल, पण वाचून न पाहण्याची चूक माझीच.

पुस्तक होतं गुरुजींचा कवितासंग्रह 'पत्री'. त्यातल्या देशभक्तीच्या कविता लोकांच्या तोंडी बसू लागल्या, तशा इंग्रज सरकारनं त्याच्या प्रती जप्त केल्या. आणि हा माणूस काही लांबचा नाही. आपल्यापासून वीसेक किलोमीटरवरच्या अमळनेरला, प्रताप हायस्कूलमध्ये ते 1924 पासून शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हातानं दैनिक लिहून काढायचे. 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी टिपून घेतली. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली.

आता हे दोन शब्द बघा. दोन्ही लॅटिनमधल्या 'लिहिणे' या धातूवरून आलेत. एक म्हणजे आधी लिहून ठरवून देणं. दुसरा म्हणजे चारचौघांत लिहून लावणं. पण काय लावायचं? इसवी सनापूर्वी 82 मध्ये रोमच्या सुल्लानं आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या भर चौकात लावल्या. यादीत नाव आलं की मालमत्ता जप्त, आणि मारणाऱ्याला बक्षीस. पुढे इसवी सनापूर्वी 43 मध्ये अशाच यादीत सिसेरो या वक्त्याचं नाव आलं आणि त्याला ठार मारलं गेलं. नंतर त्याच सिसेरोचे ग्रंथ युरोपातल्या शाळांमध्ये शेकडो वर्षं पाठ्यपुस्तक म्हणून शिकवले गेले.

आपल्याकडेही तेच झालं. ज्यांचं पुस्तक जप्त झालं, त्या गुरुजींच्या कविता आज मुलं शाळेत म्हणतात. चांगलंच आहे. पण सरकारला या कवितांची भीती का वाटली होती, हे मुलांना कुणी सांगत नाही. कविता पाठ होते, दहा मार्क मिळतात, संपलं. मग एका चुकीच्या अक्षरानं इंग्रज गुरुजींचे चाहते ठरतात, आणि भरल्या सभेत कुणाला खटकत नाही. मलाही खटकलं नाही. खटकलं ते फक्त त्या पोरीला, कारण तिनं दोन वाक्यं जोडून पाहिली.

पुस्तक लावणारं आणि पुस्तक जप्त करणारं, दोन्ही सरकारच असतं. जप्तीचा अधिकार इंग्रजांबरोबर गेला असंही नाही. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 98 मध्ये तो राज्य सरकारला आहे. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते, हेही तितकंच खरं. म्हणून हे दोन शब्द नीट वेगळे ठेवायला हवेत, नुसत्या स्पेलिंगसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि मुलांसमोर चूक कबूल केली. तिचं म्हणणं असं, "मग भाषण परत म्हणू का सर?" म्हटलं, म्हण.

पारोळा, अमळनेर, एरंडोलकडच्या मंडळींना एक विनंती. त्या काळी लोक कविता वहीत उतरवून घ्यायचे. घरात आजोबांची अशी एखादी जुनी वही असेल तर रद्दीत घालू नका. आधी उघडून बघा.