धारवाडचं करमणूक खातं



गेल्या महिन्यात माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत माझी १९६८-६९ सालची खर्चाची वही सापडली. कॉमर्सचा विद्यार्थी असल्यामुळे जमा-खर्चाच्या बाजू, रेघा, महिनाअखेरची बेरीज सगळं जिथल्या तिथं. खोलीभाडं, खानावळ, फी, रॉकेल, धोबी, आणि सर्वात शेवटी ‘करमणूक’. जानेवारी १९६९ ची करमणूक ३ रुपये ८५ पैसे. नातू शेजारी बसला होता. म्हणाला, “आजोबा, एवढ्यात तुम्ही महिनाभर करायचात तरी काय?”

त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या कितीतरी घरांतली मुलं धारवाडला शिकली आहेत, त्यांना ओळखीचं वाटेल.

मी खानापूरचा. धारवाडला का गेलो? आतेभावाची तिथं खोली होती आणि भाड्याचा निम्मा वाटा उचलणारा कुणीतरी हवा होता, इतकंच कारण. पण बेळगावात शिकलो असतो तरी डिग्री धारवाडचीच मिळाली असती. कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं ते मुंबईत. पुढच्याच वर्षी ते धारवाडला आलं. तेव्हा हा सगळा मुलुख मुंबई राज्यात होता. १९५६ ला राज्यं बदलली, बेळगाव-धारवाड म्हैसूर राज्यात गेले, पण विद्यापीठ तेच राहिलं. बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं ते थेट २०१० मध्ये. म्हणजे साठ वर्षं आपल्या भागातल्या मुलांच्या सर्टिफिकेटवर धारवाडचा शिक्का होता. विद्यापीठ नावारूपाला आणलं ते कुलगुरू डी. सी. पावटे यांनी. केंब्रिजचे रँग्लर आणि मूळचे आपल्याच गोकाक तालुक्यातले. १९५४ ते ६७ ते कुलगुरू होते. मी धारवाडला पोचलो त्याच सुमारास ते पंजाबचे राज्यपाल म्हणून गेले.

गाव लहान. खानापूरहून लोंढा, अळणावर करत मीटरगेजची गाडी डुलत डुलत पोचायची. जून-जुलैत पाऊस असा, की वाळत घातलेला शर्ट चार दिवस वाळत नसे. अशा गावात करमणूक म्हणजे मुख्यतः चालणं. संध्याकाळी पाच वाजता खोलीतून निघायचं आणि दिवेलागणीला परतायचं. विद्यापीठाची टेकडी, ‘छोटा महाबळेश्वर’ म्हणायचे तिला, तिथल्या मनोऱ्याच्या इमारतीपर्यंत एक रस्ता. साधनकेरीच्या तळ्याकडे दुसरा. कट्ट्यावर बसून वाद घालायचे, उठायचं. यात खर्च काहीच नाही, म्हणून वहीत नोंदही नाही.

नोंद आहे ती चहाची. एक चहा दोघांत, म्हणजे ‘बाय टू’. महिन्यातून एकदा गिरमिट आणि मिरची भजी. चुरमुऱ्यांचं गिरमिट हुबळी-धारवाडच्या बाहेर तसं जमत नाही, हे माझं ठाम मत आहे. गावी जाताना लाइन बझारमध्ये ठाकूरांच्या पेढ्याच्या रांगेत उभं राहायचं. गंमत अशी, की ज्या पेढ्यानं धारवाडचं नाव देशभर केलं, तो करणारं घराणं उत्तर प्रदेशातून आलेलं.

रेडिओला तेव्हा पोस्टातून लायसन्स काढावं लागे, त्यामुळे विद्यार्थ्याच्या खोलीत रेडिओ कुठला? बुधवारी रात्री ‘बिनाका गीतमाला’ ऐकायची ती कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या दारात उभं राहून. आणि गाणं! धारवाडला १९५० पासून आकाशवाणी. शेजारी हुबळीत गंगूबाई हनगल. मल्लिकार्जुन मन्सूर तर गावचेच. त्यांना १९७० मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही पोरं अशी मिरवलो, की जणू आमच्याच काकांना मिळाली. मन्सूरांनी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे तालीम घेतलेली, आणि ते कानडी वचनंही गायचे. मठात, देवळात बैठक असली की तिकीट नसे. मागं सतरंजीच्या कडेला जागा मिळाली की झालं.

साहित्यिकही रस्त्यात दिसायचे. द. रा. बेंद्रे कानडीचे थोर कवी, पण घरात मराठी. त्यांनी मराठीतही लिहिलंय. पुढं त्यांना १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं. आणि आपले बेळगावचे जी. ए. कुलकर्णी तिथल्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. ‘निळासावळा’, ‘हिरवे रावे’ आम्ही आळीपाळीनं वाचलेले, पण त्यांच्याशी जाऊन बोलायची छाती कुणाची नव्हती. लांबून बघायचं.

आता मुद्द्याचं. हे सगळं मी ज्याच्याबरोबर केलं तो माझा खोलीतला तिसरा सोबती, गदगकडचा. घरी पूर्ण कानडी. पण आमच्या दोघांच्या सहवासात त्यानं मराठी उचलली. मला मात्र दीड वर्षात ‘ऊट आत?’ म्हणजे जेवण झालं का, याच्यापुढं कानडी येत नव्हती. गरजच पडली नाही. तो बोलायचा ना मराठी! फक्त लिंगाचा घोळ. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. त्यामुळे त्याचं सगळं ‘आलं’. बस आलं, चहा आलं, परीक्षा आलं.

फेब्रुवारी १९६९. सीमाप्रश्नावरून मुंबई पेटली होती. महाजन आयोगानं १९६७ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यातच राहावं असं म्हटल्यापासून आपल्या भागात राग धुमसतच होता. खानावळीत मराठी पेपर उघडायचा की नाही, असा विचार पडू लागला होता. एकाच पंगतीत बसणारी मुलं भाषेप्रमाणे दोन टोकांना बसू लागली. आमच्या खोलीत मात्र यातलं काही शिरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कॉलेजचं गॅदरिंग होतं. गॅदरिंग म्हटलं की फिशपाँड आलेच. निनावी चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि स्टेजवरून वाचायच्या. इंग्रजी, कानडी, मराठी तिन्ही चालायच्या. मी एक चिठ्ठी टाकली. त्याचं नाव घालून लिहिलं, “बस आलं, चहा आलं, परीक्षा आलं! पण मराठी कधी येणार?”

दुसऱ्या एखाद्या वर्षी तो स्वतः हसला असता. त्या आठवड्यात हॉल दोन भागांत हसला. आमची बाजू गरजेपेक्षा जास्त मोठ्यानं हसली. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, त्याला इकडून उत्तर गेलं, घोषणा झाल्या, खुर्च्या सरकल्या. कार्यक्रम तिथंच आटोपता घेतला. तो उठून गेला. चिठ्ठी निनावी होती, पण ती बोली माझी आहे हे त्याला कळायला किती वेळ लागणार? असं मराठी त्याच्याशी बोलणारे दोघंच, आणि आतेभाव त्या दिवशी गावी होता.

रात्री खोलीवर आलो. मी काही बोललो नाही. सकाळी त्यानं नेहमीसारखा स्टोव्ह पेटवला, चहा केला, माझा कप पुढं ठेवला आणि जे बोलायचं ते कानडीत बोलला. त्या दिवसापासून तो माझ्याशी मराठीतला एक शब्दही बोलला नाही. भांडला नाही, खोली सोडली नाही, अबोलाही धरला नाही. फक्त मराठी बंद.

सुरुवातीला मला राग आला. मग नाइलाजानं ऐकू लागलो. नंतर तोडकंमोडकं उत्तर देऊ लागलो. त्याच वर्षी नोव्हेंबरात कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्वनाथ पहिली टेस्ट खेळला. पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात १३७. आम्ही दोघं हॉटेलच्या रेडिओला कान लावून उभे होतो. आमचा वाडेकर आणि त्यांचा विशी असं एरवी चालायचं, पण त्या दिवशी शतक झाल्यावर त्यानं माझ्या पाठीवर जी थाप मारली तिला भाषा नव्हती. खोलीवर परतताना मात्र पुन्हा कानडी. ‘चुकलो’ हा शब्द मी तेव्हाही उच्चारला नाही. १९७० ला बी.कॉम. झालो, स्टेशनवर निरोप घेतला, तेव्हाही नाही.

जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, खेडोपाडी शाखा निघत होत्या. मला बँकेत नोकरी लागली. मुलाखतीत विचारलं, “कानडी येते का?” म्हटलं, “येते.” त्या एका शब्दावर पुढची नोकरी झाली म्हटलं तरी चालेल. शेतकऱ्याला कर्जाचा हप्ता त्याच्या भाषेत समजावता आला नाही तर अधिकारी काय कामाचा?

१९८४ मध्ये गदगजवळच्या एका शाखेत बदली झाली. बाजारचा दिवस, काउंटरवर गर्दी. टपाल आणणाऱ्या बसची वाट बघत मी शिपायाला कानडीत विचारलं, “बस बंदळेनु?” लोक हसले. का हसले ते मला कळेना. तेवढ्यात रांगेतून मराठीत आवाज आला, “अरे, ‘बंतेनु’ म्हण. बस म्हणजे बाई आहे काय?”

तोच. केस पिकलेले, हातात शाळेच्या फीची थैली. एका हायस्कूलचा हेडमास्तर झाला होता. पंधरा वर्षांनी त्याच्या तोंडून मराठी ऐकलं. आपल्या मराठीत बस स्त्रीलिंगी, म्हणून मी इतकी वर्षं कानडीतही तिला बाई करत होतो आणि कुणी सांगितलं नव्हतं. मी उठून बाहेर आलो आणि कानडीतच म्हणालो, “त्या वेळी माझं चुकलं.” तो म्हणाला, “ऊट आत?” आणि मला घरी जेवायला घेऊन गेला. ज्वारीची भाकरी, एणगाई, शेंगदाण्याची चटणी. जेवताना गॅदरिंगचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

वहीत फेब्रुवारी १९६९ च्या करमणुकीत एक नोंद आहे, ‘गॅदरिंग वर्गणी १ रुपया’. नातवाला ती दाखवली आणि हे सगळं सांगितलं. तो बेंगळुरूला हॉस्टेलवर राहतो. मित्रांच्या बोलण्याची नक्कल तोही करत असणारच. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, “मग तुम्ही लगेच सॉरी का नाही म्हणालात?”

याचं उत्तर मला त्याला देता आलं नाही.

तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरच्यांपैकी कुणी त्या काळात धारवाडला असेल तर जरूर लिहा. खानावळी, बैठका, फिरायचे रस्ते, काहीही. आणि खोलीतल्या सोबत्यांबद्दल तर नक्कीच.